मायक्रोवेव्ह कॅव्हिटी की केबलचा ग्राफ?

केऑटिक स्कॅटरिंगचं (आत वेड्यावाकड्या आपटत फिरून बाहेर पडणाऱ्या लहरींचं) स्टॅटिस्टिक्स स्वतः मोजायचं म्हटलं की पहिला प्रश्न हाच, सपाट कॅव्हिटी, म्हणजे मायक्रोवेव्ह कोंडणारी धातूची डबी, घ्यायची की कोअ‍ॅक्स केबल जोडून ग्राफ, म्हणजे केबलचं जाळं, करायचा. मी दोन्ही केलंय.

कॅव्हिटीची बाजू भक्कम आहे, आधीच मान्य करतो. उंची ८ मिलिमीटर ठेवली की १८.७५ गिगाहर्ट्झच्या खाली सगळं टू-डी, समीकरण थेट श्रोडिंगरचं (क्वांटम कणाचं), आणि केऑस खराखुरा, भिंतींवर आपटणाऱ्या किरणांचा. १९९० मध्ये स्टॉकमन आणि स्टाइन यांनी हेच केलं होतं.

पण ते झाकण! सरासरीसाठी ढीगभर वेगवेगळ्या रचना लागतात, म्हणजे दरवेळी स्क्रू काढा, आतला अडथळा जरा सरकवा, परत आवळा, आणि एखादा कोपरा सैल राहिला की रेझोनन्स (कॅव्हिटी ज्या फ्रिक्वेन्सींना घुमते ती शिखरं) रुंद होतात, मग एस मॅट्रिक्सच्या (आत सोडलेली लहर कुठून किती बाहेर येते त्या तक्त्याच्या) वितरणात दिसतोय तो फरक केऑसचा की माझ्या पेचकसाचा काही कळत नाही. अख्खा आठवडा मी 'अ‍ॅब्सॉर्प्शन वाढतंय' म्हणून डोकं खाजवत होतो, निघाला डावीकडचा तिसरा स्क्रू. बाहेरून फिरवायचा स्टरर (आतलं धातूचं पातं) बसवला तर बरं पडतं म्हणे, माझ्याकडे नव्हता.

ग्राफमध्ये दोन फेज शिफ्टर (लांबी कमीजास्त करता येणारे तुकडे) लावायचे, एक लांबवला तेवढाच दुसरा आखडायचा, झाली नवी रचना. एकूण लांबी तीच, त्यामुळे लेव्हलमधलं (लागोपाठच्या रेझोनन्समधलं) सरासरी अंतरही तेच, ७ मीटर ऑप्टिकल लांबीला साधारण २१ मेगाहर्ट्झ, अख्ख्या बँडभर. अनफोल्डिंग (सरासरी अंतर एकवर आणायचं गणित) जवळपास फुकट! टाइम रिव्हर्सल (लहर उलट्या वाटेनेही तशीच जाणं) मोडायचं तर सर्क्युलेटर (लहर एकाच दिशेने फिरवणारा भाग) जोडला की झालं, कॅव्हिटीत फेराइट आणि मॅग्नेटची खटपट. थिअरी कोटोस आणि स्मिलान्स्की यांची, १९९७ची, आणि २००४ मध्ये वॉर्सातल्या ग्रुपने केबलवर करून दाखवलं.

खोट आहेच. आदर्श टी-जॉइंटसुद्धा (तीन केबलचा जोड) आलेल्या पॉवरचा १/९ भाग परत फेकतो, काही लहरी एकाच केबलमध्ये अडकून बसतात, म्हणून लांब पल्ल्याची कोरिलेशन्स रँडम मॅट्रिक्सपासून (केऑससाठीच्या सांख्यिकी भाकितापासून) ढळतात. मला बघायचा होता एन्हान्समेंट फॅक्टर (त्याच पोर्टला परतणाऱ्या आणि दुसऱ्या पोर्टला जाणाऱ्या लहरींच्या चढउतारांचं गुणोत्तर), टाइम रिव्हर्सल शाबूत असताना सुट्या रेझोनन्सचा ३ तो एकमेकांवर चढले की २ कडे कसा उतरतो ते, त्यात हे फारसं आडवं आलं नाही.

वेव्ह फंक्शनचा नकाशा हवा असेल तर कॅव्हिटीच घ्या, मी अडवणार नाही. नुसता एस मॅट्रिक्सचा डेटा हवा असेल तर मी तरी केबलच घेईन. फक्त कनेक्टर टॉर्क रेंचनेच आवळा, हाताने आवळलेत तर तो तिसरा स्क्रू इथेही भेटेल.