बॅश, झेडएसएच की फिश: रोजच्या कामाला कोणता शेल घ्यावा?

टर्मिनलमध्ये आपण टाइप करतो त्यातलं बरंचसं आधी कधीतरी केलेलंच असतं. तोच फोल्डर, तीच लांबलचक कमांड, फक्त फाइलचं नाव बदललेलं. म्हणून शेल, म्हणजे या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, निवडताना थीम आणि प्रॉम्प्टचे रंग बाजूला ठेवा. जुनी कमांड किती चटकन हाताशी येते आणि चुकलेली कमांड वेळीच अडवली जाते का, हे आधी बघा. माझ्या मते निवड या दोन गोष्टींवरच व्हावी.

आधी हिस्टरी, म्हणजे दिलेल्या कमांडची नोंद. कंट्रोल-आर दाबून जुनी कमांड शोधणं तिन्हींत जमतं. ऑल्ट आणि टिंब दाबलं की मागच्या कमांडचा शेवटचा शब्द पुन्हा येतो, तेही तिन्हींत. नवा फोल्डर केला आणि लगेच त्यात शिरायचं असेल, तर सीडी (फोल्डरमध्ये जाण्याची कमांड) लिहून ही दोन बटणं दाबायची. एवढी एक सवय लागली तरी खूप टायपिंग वाचतं.

फरक पडतो तो साठवणुकीत. बॅश कमांड फाइलमध्ये लिहितो ते खिडकी बंद करताना. दोन खिडक्या उघड्या असतील आणि हिस्टअपेंड हा पर्याय चालू नसेल, तर शेवटी बंद होणारी खिडकी फाइल नव्याने लिहिते आणि पहिल्या खिडकीतल्या ताज्या कमांड जातात. उबुंटूमध्ये हा पर्याय आधीच चालू असतो, इतरत्र तपासून घ्या. झेडएसएचला हिस्टरी कुठे आणि किती ठेवायची ते सेटिंगच्या फाइलमध्ये सांगावं लागतं, पण शेअर-हिस्टरी चालू केलं की सगळ्या खिडक्यांची हिस्टरी एकच होते. ही सोय खरोखर उत्तम आहे. फिश प्रत्येक कमांड दिल्याबरोबर नोंदवतो. नव्या खिडकीत ती आपोआप मिळते, आधीपासून उघड्या असलेल्या खिडकीत हवी असेल तर 'हिस्टरी मर्ज' म्हणावं लागतं.

पण फिशची खरी ताकद टाइप करतानाच दिसते. दोन-तीन अक्षरं लिहिली की उरलेली कमांड हिस्टरीतून फिकट रंगात पुढे उमटते. उजवा बाण दाबला की पूर्ण कमांड घेतली जाते, ऑल्टसह दाबला तर एकेक शब्द. कमांडचं नाव चुकलं असेल तर ते एंटर दाबण्याआधीच लाल दिसतं. यासाठी काहीही सेटिंग करावं लागत नाही. झेडएसएचमध्ये हेच प्लगइन टाकून मिळतं, मात्र प्लगइन वाढत गेले की नवी खिडकी उघडायला वेळ लागू लागतो.

आता चूक अडवण्याचं. समजा फोल्डरमध्ये एकही जेपीजी फाइल नाही आणि तुम्ही तारांकन वापरून सगळ्या जेपीजी फाइलींवर लूप चालवला, म्हणजे प्रत्येक फाइलीसाठी तीच कमांड पुन्हा. बॅश तारांकनासकट तो मजकूरच फाइलचं नाव समजतो आणि लूप एकदा चालवतो. झेडएसएच 'नो मॅचेस फाउंड' म्हणून थांबतो. फिशमध्ये लूप एकदाही चालत नाही, आणि तेच मला सर्वांत बरोबर वाटतं. झेडएसएचच्या या शिस्तीचा एक त्रास मात्र आहे: प्रश्नचिन्ह असलेला वेबपत्ता तसाच दिला तरी तो हीच तक्रार करतो. शेल कोणताही असो, वेबपत्ता नेहमी एकेरी अवतरणात द्या. त्यात & असेल तर अवतरणाशिवाय बॅशमध्येही कमांड मध्येच तुटते.

बऱ्याच फाइलींची नावं एकदम बदलायची असतील तर झेडएसएचमधला झेडएमव्ही घ्या. आधी ऑटोलोड करून (शेलमध्ये चढवून) घ्यावा लागतो, पण -एन दिला की कोणत्या फाइलीचं नाव काय होईल ते नुसतं दाखवतो, हात लावत नाही.

फिशची अडचण एकच, पण मोठी: त्याची भाषा वेगळी आहे. दोन कमांड जोडणारं && आता चालतं, पण बॅशच्या पद्धतीचे इफ आणि फॉर चालत नाहीत, आणि कमांडला अनेक ओळींचा मजकूर देणारा हिअरडॉक तर नाहीच. 'सुडो !!' (मागचीच कमांड प्रशासकाच्या अधिकाराने पुन्हा चालवणं) ही सवयीची युक्तीही नाही, त्याऐवजी ऑल्ट-एस दाबलं की मागच्या कमांडला सुडो लागतं. कुठून तरी उचललेला लांब तुकडा चालवायचा असेल तर 'बॅश' टाइप करा, तो तिथे चालवा आणि बाहेर या. स्क्रिप्टची काळजी नको. कोणत्या शेलने चालायचं ते तिच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं.

मग घ्यायचा कोणता? दिवसभर वेगवेगळ्या सर्व्हरवर लॉगिन करत असाल तर बॅशच पक्का करा. 1989 पासूनचा हा शेल लिनक्सवर जवळजवळ सगळीकडे सापडतो. मॅकवर असाल तर झेडएसएच 2019 च्या कॅटालिना आवृत्तीपासून आपसूक मिळतो, आणि तिथला बॅश 3.2 आवृत्तीवरच अडकलेला असल्याने त्यात उपफोल्डरांसह शोधणारं दुहेरी तारांकन चालत नाही. स्वतःच्या मशीनवर काम असेल आणि सेटिंगमध्ये वेळ घालवायचा नसेल, तर मी निःसंकोच फिश सुचवेन.

मात्र लॉगिन शेल, म्हणजे लॉगिन केल्यावर आपोआप सुरू होणारा शेल, लगेच बदलू नका. लॉगिनच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या बॅशच्या फाइली फिश वाचत नाही, त्यामुळे तिथे ठेवलेले पाथ (कमांड कुठे शोधायच्या ते फोल्डर) आणि व्हेरिएबल मिळेनासे होतात. लॉगिन शेल बॅशच ठेवा आणि टर्मिनल अ‍ॅपच्या प्रोफाइलमध्ये सुरुवातीची कमांड म्हणून फिश द्या. पटलं नाही तर तेवढी एक ओळ काढली की झालं.