कुलाब्यातलं हॉटेल, सोमवारची बोट आणि माझे २६,३९२ रुपये

आकडा आधी सांगतो. रूमचा अ‍ॅडव्हान्स ३,४००, घारापुरीच्या बोटीचे ४,२५० आणि १८,७४२ कशाचे ते सांगायची अजून लाज वाटते. एकूण २६,३९२ रुपये. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो. दहा रुपयांचा फरक आला तरी रात्री थांबून ताळा जुळवणारा माणूस. तेव्हा "अडाणी लोकच फसतात" म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

मे महिन्यात आईला आणि पोरांना मुंबई दाखवायची होती. मोबाइलच्या नकाशावर कुलाब्यातलं एक हॉटेल सापडलं. हॉटेल खरं, फोटो खरे, पत्ताही खरा. नंबर तेवढा चोराचा. हा प्रकार तुम्हाला माहीत असेलच, मलाही होता. पण पलीकडून कुणी अदबीनं "सर, कितने गेस्ट हैं?" विचारलं की वाचलेलं सगळं बाजूला पडतं.

पैसे पाठवताना हॉटेलचं नाव आलं नाही, कुठल्याशा ट्रेडर्सचं आलं. घरचे आता तेच ऐकवतात. अहो, आमच्या यार्डात पेढी एकाच्या नावावर, खातं भावाच्या नावावर हे रोजचंच आहे. मला त्यात काय वावगं वाटणार?

खरी गोम होती ती सोमवारात. तो म्हणाला, रविवारी गर्दी असते, सोमवारी सकाळची बोट देतो, माणशी ८५०, जेवणासकट. पाच जणांचे पैसे मी लगेच पाठवले. रात्री मुलगी म्हणाली, "पप्पा, घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात." बरोबरच बोलली होती ती. मी त्याला फोन लावून विचारलंसुद्धा! तो हसला, "सर, हमारे गेस्ट के लिए स्पेशल परमिशन रहता है." आणि हेच मी मुलीला वर ऐटीत ऐकवलं. पुरातत्त्व खातं कुलाब्यातल्या एका हॉटेलच्या पाहुण्यांसाठी लेणी उघडणार! पोरगी काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. ती नजर आठवली की अजून घास उतरत नाही.

बोटीसाठी कुणाला आधी पैसे द्यायची गरजच नसते. गेटवेला काउंटरवर तिकीट काढायचं आणि बसायचं. लेण्यांचं तिकीट वेगळं, ते बेटावर गेल्यावर.

आता ते १८,७४२. दुसऱ्या दिवशी ऐन सौद्याच्या वेळी त्याचा फोन. समोर हमाल हिशेबासाठी खोळंबलेले. "सर, बुकिंग कन्फर्म करना है. अमाउंट मत समझिए, ये आपका रजिस्ट्रेशन कोड है, वन एट सेवन फोर टू डालिए." आकड्याच्या डावीकडं रुपयाचं चिन्ह होतं. अ‍ॅपनं पिनही मागितला. एका कानाला फोन, दुसऱ्या कानात सौद्याचा गलका, बोटं आपोआप चालली. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. कोड, रिफंड, व्हेरिफिकेशन, समोरचा काहीही म्हणो.

मेसेज आल्यावर मी ओरडलो. मग "मॅनेजर" बोलला, चुकून झालं, चेक-इनला काउंटरवर रोख परत देतो. जीएसटी नंबर छापलेली पावतीही पाठवली. चोर पैसे मिळाले की फोन बंद करतो असा आपला समज. हा शनिवारी संध्याकाळपर्यंत उचलत होता.

रविवारी महालक्ष्मी एक्सप्रेसनं उतरून हॉटेलवर गेलो. रिसेप्शनवरच्या माणसानं रजिस्टर न उघडताच मान हलवली. काउंटरवर कागद चिकटवलेला, 'आम्ही फोनवर अ‍ॅडव्हान्स घेत नाही'. आत लावून काय उपयोग, बाबा? आई बाहेर बॅगेवर बसलेली. शेवटी दादरला ४,२०० ची रूम घ्यावी लागली, ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला तिथूनच फोन केला. तक्रार क्रमांक मिळाला. प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहार क्रमांक, विचारतात, तो आधी हुडकून ठेवा. आणि पैसे गेले त्याच तासात फोन करा, चोराच्या खात्यात शिल्लक असेल तोवरच ती गोठवता येते.

पुढं सगळी टोलवाटोलवी. मुंबईतल्या ठाण्यात म्हणाले, पैसे सांगलीतून पाठवले ना, मग सांगलीत तक्रार करा. सांगलीत म्हणाले, हॉटेल मुंबईचं, तिकडंच करायची होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये गुन्हा कुठंही घडला तरी कुठल्याही ठाण्यात माहिती देता येते, असं स्पष्ट आहे. मी प्रिंट काढून नेली. साहेबांनी ती वाचली, घडी घातली आणि मलाच परत दिली! वर, "एवढा हिशेबातला माणूस तुम्ही, पिन कसा टाकला?" हवालदारापासून चहावाल्यापर्यंत सगळे हसले. मी गुन्हेगार आहे का? बँकेत तेच रडगाणं, पिन तुम्ही टाकला, आमची जबाबदारी नाही. अर्ज घेतला, पण पोच द्यायला तयार नव्हते. शिक्का मिळेपर्यंत मी खुर्ची सोडली नाही, तुम्हीही सोडू नका.

त्या खात्यात २,११८ रुपये गोठवलेत म्हणे. ते हवे असतील तर न्यायालयाचा आदेश आणा, असं मला सांगितलं. वकिलाची फी विचारली, ५,०००.

नकाशावर त्या हॉटेलखाली काल परत पाहिलं, तोच नंबर. मी आणि बायकोनं 'चुकीची माहिती' म्हणून कळवलंय. कुठल्याही हॉटेलला नकाशावरून फोन लावण्याआधी त्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नंबर ताडून बघा. जुळला नाही तर एक रुपयाही पाठवू नका, रूम गेली तर गेली.