सेकंडहँड कॅरॅव्हॅन: एका हंगामाचा अनुभव (आणि पंपाबद्दल बरंच काही)

मार्चमध्ये इथे ब्रिटनमध्ये घेतलेली कॅरॅव्हॅन, म्हणजे कारच्या मागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, परवा नळ्यांतलं पाणी काढून हिवाळ्यासाठी बंद केली. मधल्या काळात "कशी आहे? आम्हीपण घेऊ का?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला माझ्याकडून वेगळं उत्तर गेलंय. एप्रिलमध्ये विचारलं असतंत तर "वेड लागलंय का?" म्हटलं असतं. आता तसं म्हणणार नाही. पण थांबा, आधी पंप.

गाडी चार बर्थची, एकाच अ‍ॅक्सलची, वयाने बारा वर्षांची. लेआउट, वजनं, फ्रिज केवढा, हे सगळं कुठल्याही माहितीपत्रकात मिळेल, त्यात वेळ घालवत नाही. एवढंच सांगतो की आपल्या कारचं वजन आधी बघा. भरलेली कॅरॅव्हॅन कारच्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत ठेवा असं नवशिक्यांना सांगतात, ते ऐका. लायसन्सची भानगड आता राहिलेली नाही. 1997 नंतर कारची परीक्षा पास झालेल्यांना पूर्वी मोठी कॅरॅव्हॅन ओढायला वेगळी टेस्ट द्यावी लागायची, डिसेंबर 2021 पासून ती गेली. इथे येऊन लायसन्स काढलेल्या आपल्यासारख्यांना तो मोठाच फायदा.

तर पंप. साइटवर, म्हणजे कॅरॅव्हॅन उभी करून मुक्काम करायच्या जागी, गेलं की आपण 40 लिटरचा गोल पिंप नळावर भरून लोळवत आणतो आणि कॅरॅव्हॅनच्या शेजारी ठेवतो. त्यात पंप सोडायचा. आत नळ उघडला की पाइपातला दाब उतरतो, प्रेशर स्विचला ते कळतं आणि पंप सुरू होतो. नळ बंद केला की दाब चढतो, पंप थांबतो. साधी, सुटसुटीत व्यवस्था. फक्त आमच्या कॅरॅव्हॅनमध्ये कोणीही नळ उघडला नसताना, रात्री, दर वीस-पंचवीस मिनिटांनी पंप एक सेकंद "घुर्र" करून थांबायचा.

एक सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण कॅरॅव्हॅनच्या भिंती किती जाड असतात ते एकदा बोटाने वाजवून बघा. पाइप जातात ते नेमके आपण ज्यावर झोपतो त्या बाकाखालून, त्यामुळे ती घुर्र कानाला नाही, बरगड्यांना ऐकू येते. एक झाली की माणूस पुढचीची वाट बघत जागा राहतो. पहिल्याच मुक्कामात आई बरोबर होती. पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली होती. मध्यरात्री ती अर्धवट झोपेत म्हणाली, "अरे, मोटार बंद करा कोणीतरी, टाकी भरली असेल." आणि कूस बदलून झोपली. सोसायटीत तीस वर्षं काढलेल्या बाईला झोपेतसुद्धा दुसरं काय सुचणार? मी मात्र पहाटेपर्यंत मोजत होतो.

ज्यांच्याकडून घेतली त्यांच्याकडे गेलो. तीन महिन्यांची वॉरंटी होती. काउंटरवरचा माणूस हसून म्हणाला, "दे ऑल डू दॅट, सर." सगळ्या कॅरॅव्हॅन असंच करतात म्हणे. मी म्हटलं, मग विकताना का नाही सांगितलंत? त्यावर वॉरंटीचा कागद निघाला. त्यात पंप बंद पडणं बसतं, पंप जास्त चालणं बसत नाही. शोध घ्यायला एक तास लागेल, त्याचे 85 पौंड, वर व्हॅट, आणि बहुधा प्रेशर स्विच बदलावा लागेल, त्याचे वेगळे. म्हणजे दोष आहे की नाही हे ठरवायलाच शंभर पौंड. मी हिशेबाला बसलो. शंभर पौंडांत शेतावरच्या साध्या साइटवर चार रात्री निघतात. नको म्हणून सांगितलं आणि बाहेर पडलो. नंतर पाठवलेल्या ईमेलना अजून उत्तर नाही.

त्यानंतर मी ती विकायला काढणार होतो. जाहिरातीसाठी फोटोही काढून झाले होते. पण मे महिन्यातल्या आठवड्याचं बुकिंग आधीच झालं होतं, पैसे परत मिळणार नव्हते, म्हणून गेलो. यॉर्कशरमध्ये हेल्म्सलीजवळ एका शेतावर. हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इथल्या कॅरॅव्हॅन क्लबांच्या मान्यतेने शेतकऱ्यांना आपल्या रानात फक्त पाच कॅरॅव्हॅन ठेवता येतात, त्याही सभासदांच्याच. पिण्याच्या पाण्याचा नळ आणि टॉयलेट रिकामं करायची जागा, एवढी सोय. बाकी गवत आणि मेंढ्या. मोठ्या साइटच्या निम्म्या भावात.

लेस्टरहून निघालो. कॅरॅव्हॅन मागे असली की मोटरवेवर ताशी 60 मैलांची मर्यादा, साध्या रस्त्यावर 50, आणि तीन लेनच्या मोटरवेवर उजवीकडची लेन बंद. त्यामुळे दिवसभर लॉऱ्यांच्या मागे. एक गोष्ट मात्र जीव तोडून सांगतो: थर्स्कहून हेल्म्सलीकडे जाताना साध्या नॅव्हिगेशनवर विसंबू नका. ते तुम्हाला सरळ ए-170 वरून सटन बँकच्या घाटात नेईल. तिथे चारास एक असा चढ आहे आणि 1984 पासून कॅरॅव्हॅनना बंदी आहे, कारण अडकणारे फार. आम्ही दक्षिणेकडून वळसा घेतला. तो रस्ताही अरुंद, एका वळणावर समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा बायकोने डोळेच मिटून घेतले. पण पोचलो.

आठवडाभरातलं फिरणं थोडक्यात सांगतो, कारण त्याबद्दल सगळेच लिहितात. रीव्हो अ‍ॅबी, म्हणजे जुना ख्रिस्ती मठ, बघाच. 1132 साली सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी वसवलेली, आता छप्पर नाही, नुसत्या कमानी, आणि दरीत ती अचानक समोर येते. पिकरिंगहून वाफेच्या इंजिनाची गाडी व्हिटबीला जाते, ती चुकवू नका. आई व्हिटबीच्या 199 पायऱ्या चढली, वर गेल्यावर समुद्र बघितला आणि विचारलं, "एवढं चढून देऊळ नाही?" पडकी अ‍ॅबी आणि चर्च दाखवलं. तिचं समाधान झालं नाही.

पाऊस पडला. अर्थातच पडला. पत्र्यावर पावसाचा आवाज ऐकत आत बसून कांदाभजी खाणं हे सुख मी नाकारत नाही. तळण मात्र बाहेर, ऑनिंगखाली, म्हणजे दाराबाहेर ताणलेल्या कापडी मांडवात. आत तळलंत तर गाद्यांना तो वास पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहील.

विजेचं नीट समजून घ्या, नाहीतर पहिल्या सकाळी शेतकऱ्याच्या दारात उभे राहाल. त्या शेतावर हुकअप, म्हणजे खांबावरून कॅरॅव्हॅनला मिळणारी वीजजोडणी, 10 अँपिअरचा होता. 230 व्होल्टला 10 अँपिअर म्हणजे 2300 वॅट, सगळं मिळून. घरची किटली एकटी 3000 वॅट खाते. आम्ही घरचीच नेली होती. बटण दाबलं, पाणी कोमट व्हायच्या आत अंधार. ब्रेकर खांबावरच्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली शेतकऱ्याकडे. आता कमी वॅटची किटली घेतली आहे, पण खरं सांगायचं तर चहा आपण गॅसवरच करतो, पातेल्यात, आलं ठेचून. मग किटली हवीच कशाला?

गॅसबद्दल एकच. निळा सिलिंडर ब्यूटेनचा, लाल प्रोपेनचा. थंडी शून्याजवळ गेली की ब्यूटेनचा वायूच होत नाही, सिलिंडर भरलेला आणि शेगडी थंड. एप्रिलच्या एका पहाटे हे कळलं. लाल घ्या.

आणि हो, टॉयलेट. सगळ्यांना विचारायचं असतं, कोणी विचारत नाही. खाली एक चपटी पेटी असते, ती बाहेरच्या दारातून ओढून काढायची आणि ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करायची. आमच्याकडे ते काम माझं. पहिल्या दिवशी कसंतरी झालं, तिसऱ्या दिवशी त्याच रांगेत उभं राहून शेजाऱ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत होतो.

त्याच रांगेत पंपाचा विषय निघाला. ते शेजारी सत्तरीच्या पुढचे असतील, आई त्यांना शेवटपर्यंत "ते आजोबा" म्हणत होती. मी "दे ऑल डू दॅट" सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. म्हणाले, नळ बंद असताना पंप मधूनच चालतो याचा अर्थ दाब कुठूनतरी उतरतोय, म्हणजे कुठेतरी थेंब गळतोय. प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू गुंडाळ आणि रात्रभर ठेव.

मी गाद्या उचलल्या, बाकांच्या फळ्या काढल्या. आत लाल आणि निळे पाइप, गरम आणि गार पाण्याचे, प्लॅस्टिकच्या जोडांत नुसते दाबून बसवलेले. प्रत्येक जोडाला टिश्यू बांधून झोपलो, म्हणजे घुर्र ऐकत पडून राहिलो. सकाळी शॉवरमागच्या निळ्या पाइपाच्या जोडावरचा टिश्यू खालच्या बाजूने ओला. बाकी सगळे कोरडे. पंप बंद केला, दाब सोडला, पाइप काढला, टोक पुसून परत आत ढकलला. अजून अर्धा इंच आत गेला! म्हणजे कोणीतरी कधीतरी तो पूर्ण न बसवताच सोडून दिला होता. त्या फळीखाली लाकडाला ओल धरायला सुरुवात झालेली, बोट लावल्यावर मऊ लागत होती. कॅरॅव्हॅनचा खरा शत्रू ओल, हे सगळेच सांगतात, पण मला वाटायचं ती पावसाची. ही आतल्या पाण्याची होती, आणि "सगळ्या असंच करतात" म्हणून तशीच ठेवली असती तर पुढच्या वर्षी तळ बदलायची वेळ आली असती.

त्या रात्री घुर्र एकदाच झाली. एकदाच का, याचा शोध अजून चालू आहे. प्रेशर स्विचवर एक स्क्रू असतो, तो जरा फिरवून बघितला, फरक पडला नाही. आता झोपताना दारावरच्या पॅनेलमधलं पंपाचं बटण बंद करतो. फुकटचा उपाय. मग रात्री कोणाला पाणी लागलं तर बाटली. हे बटण बंद करायचं त्या काउंटरवरच्या माणसाने सांगितलं असतं, तर निदान त्या दिवशी मी हसून बाहेर पडलो असतो.

1885 साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या निवृत्त नौदल डॉक्टराने ब्रिस्टलमध्ये हौसेने फिरायची पहिली कॅरॅव्हॅन बांधून घेतली, 'वाँडरर' नावाची, दोन घोड्यांची. मला तिचा फार हेवा वाटतो. तिला पाण्याचा विजेवरचा पंप नव्हता.

पैशाचं बोलायचं तर हिशेब अजून जुळत नाही. विमा, सर्व्हिस, टायर (वय झालं की नक्षी शाबूत असली तरी बदलावे लागतात), आणि घरासमोर जागा नसल्याने स्टोरेजचं भाडं. वर्षातून एकच आठवडा जाणार असाल तर कॉटेज भाड्याने घ्या, स्वस्त पडेल. आम्ही मात्र मे नंतर जवळजवळ प्रत्येक मोकळा शनिवार-रविवार काढला. घरचं जेवण, आपल्या चादरी, आईची पोथी खिडकीत. हॉटेलात हे जमत नाही, आणि हॉटेलात आई आठवडाभर राहिलीही नसती.

घेणारच असाल तर ओलावा मोजायचं मीटर घेऊन जा, कोपऱ्यांत आणि खिडक्यांखाली लावून बघा. पण त्याबरोबर विक्रेत्याला पाणी भरायला लावा, नळ बंद करा, आणि गप्पा न मारता अर्धा तास आत बसून राहा. तो चुळबुळ करेल. करू दे.

फोटो अजून फोनमध्ये आहेत, जाहिरात टाकलेली नाही. स्टोरेजचं भाडं मार्चपर्यंतचं आगाऊ भरलंय, तोवर तरी विकायचा प्रश्न नाही.