प्रेस्टविकचे गोल्फ मैदान: सवयीने उमगणारे

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रेस्टविकचे मैदान पहिल्या भेटीत अनेकांना अन्यायकारक वाटते. उत्तम मारलेला चेंडू उंचवट्यावर आपटून भलतीकडे जातो, काही ग्रीन, म्हणजे खळग्याभोवतीचे आखूड गवताचे भाग, तर जवळ पोहोचेपर्यंत दिसतच नाहीत. तरीही या मैदानाकडे मी पुन्हा पुन्हा ओढला जातो आणि दर खेपेस ते मला अधिक आवडते.

१८५१ साली गोल्फपटू आणि मैदाने आखणारे ओल्ड टॉम मॉरिस यांनी येथे १२ होल, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून ग्रीनपर्यंतचे खेळाचे टप्पे, आखले, तेव्हा टेकड्या सपाट करण्याची यंत्रे नव्हती. जमीन जशी होती तशीच खेळात आली. याच मैदानावर १८६० मध्ये ८ खेळाडूंची पहिली ओपन (ब्रिटिश ओपन) स्पर्धा झाली. पुढे होल १८ झाले आणि एकूण २४ वेळा ती स्पर्धा येथे भरली. १९२५ मध्ये प्रेक्षकांची गर्दी आवरता आली नाही आणि त्यानंतर ही स्पर्धा येथे कधीच परतली नाही. ती अडचण आणि आजच्या खेळातली रंगत या दोन्हींचे मूळ एकच, जागेचा दाटपणा.

पहिल्याच होलच्या उजव्या अंगाला दगडी भिंत आहे आणि तिच्या पलीकडून आगगाड्या धावतात. तिसऱ्या होलवर फेअरवे, म्हणजे मधला आखूड गवताचा पट्टा, अडवून बसलेला कार्डिनल हा बंकर (वाळूचा खड्डा) रेल्वेच्या लाकडी स्लीपरांनी बांधून काढला आहे. १९०८ च्या ओपनमध्ये गोल्फपटू जेम्स ब्रेड यांना या होलवर ८ फटके लागले, तरी त्यांनी स्पर्धा ८ फटक्यांच्या फरकाने जिंकली. हे मैदान दंड जबर करते, पण सावरायला वावही ठेवते, हे मला त्यातून पटते.

खरी गंमत पाचव्या होलवर, ज्याचे नावच हिमालय आहे. अंतर सुमारे २०० यार्ड आणि पार ३ (म्हणजे ३ फटक्यांत पुरे होणे अपेक्षित), पण मध्ये वाळूची उंच टेकडी असल्याने टीवरून, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागेवरून, ग्रीन मुळीच दिसत नाही. टेकडीवर रंगीत चकत्या लावल्या आहेत. आपण ज्या रंगाच्या टीवर उभे असू त्या रंगाच्या चकतीचा रोख धरून फटका मारायचा, टेकडीपलीकडे जाऊन चेंडू शोधायचा आणि खेळून झाले की मागच्यांसाठी घंटा वाजवायची. नवख्याला हा निव्वळ नशिबाचा खेळ वाटतो. परंतु त्या दिवशी वारा समुद्राकडून किती जोराने येतो आहे आणि चेंडू टेकडीच्या माथ्यावरून किती उंचीने जायला हवा, हे कळू लागले की टेकडी पार होण्याआधीच फटका साधला की नाही ते हाताला समजते, आणि तो आनंद समोर दिसणाऱ्या ग्रीनवर मला कधीच मिळालेला नाही.

ओल्ड टॉम यांच्या मूळ आखणीतून उरलेला सतरावा होल, आल्प्स, याहून कठीण आहे, कारण तेथे दुसरा फटका टेकडीवरून मारावा लागतो आणि ग्रीनच्या अलीकडे सहारा नावाचा प्रचंड बंकर लपलेला आहे. अठरावा मात्र आखूड आणि सोपा आहे.

नवशिक्यांना मी हे मैदान सुचवणार नाही. हात बसलेल्यांनी ग्लासगोहून आगगाडीने यावे, कारण स्टेशन मैदानाला अगदी लागून आहे. पहिल्या फेरीला कॅडी (काठ्या वाहणारा आणि सल्ला देणारा सोबती) जरूर घ्यावा आणि जमल्यास दुसऱ्या दिवसाचीही वेळ आधीच राखून ठेवावी.