गटाच्या न्यायपंचायतीसाठी डिस्कॉर्ड: सोलापूरकरांनी आधी पाहावं असं

साठ-सत्तर जणांच्या गटात तंटे मिटवायला डिस्कॉर्ड हे गटगप्पांचं अ‍ॅप फुकटात पुष्कळ देतं, पण मांडणी चुकली की पंचायत नुसती नावाला उरते.

'पंच' ही भूमिका (रोल, म्हणजे हक्क ठरवणारा दर्जा) सभासदांच्या वर ठेवा, नाहीतर पंचाला कुणालाच गप्प बसवता येत नाही. प्रशासकाचे हक्क मात्र एकाच विश्वासू माणसाकडे. प्रशासकाला टाइमआउट (ठरावीक काळ गप्प बसवणं) लागतच नाही, गट उघडणाऱ्या मालकाला तर कुणी काढूही शकत नाही. त्यामुळे मालकाविरुद्धच्या तक्रारीचं काय, हे नियमातच लिहा.

प्रत्येक तक्रारीला वेगळा खासगी थ्रेड, म्हणजे ठरावीक लोकांनाच दिसणारी चर्चा. तीन पंच, उत्तराला ७२ तास. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत दुप्पट, तेव्हा ऑनलाइन असतंय कोण?

खरी गोची पुराव्याची. ऑडिट लॉग (प्रशासकीय कारवायांची नोंद) फक्त ४५ दिवस टिकतो, आणि सभासदाने स्वतःच पुसलेला मेसेज त्यात येतच नाही. तक्रारीसोबत लगेच स्क्रीनशॉट मागा. निकाल, कारणासकट, वेगळ्या चॅनेलवर टाका.

निकालाला पोल वापरू नका, कुणी कुठे मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. टाइमआउटची कमाल मुदत २८ दिवस, त्यापुढची शिक्षा भूमिका काढून द्या.

ऑटोमॉडमध्ये (नको ते शब्द आपोआप अडवणारी सोय) शिव्या मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही लिप्यांत भरा, शिवाय इंग्रजी अक्षरांतली स्पेलिंगंही. सोलापुरी शिवी एका भाषेत थांबत नाही.

पाचपैकी साडेतीन गुण. अपिलाची सोय आयती नाही, ती पंचांनीच उभारायची.