चोवीस सिटिंगचं पॅकेज आणि स्टीलच्या ट्रेमधल्या सुया

ॲक्युपंक्चरच्या चोवीस सिटिंगपायी २१,६०० रुपये गेले. ५,००० यूपीआयने, १६,६०० रोख. पावती फक्त पाच हजारांची, आणि तिच्यावर ‘ॲक्युपंक्चर’ हा शब्दच नाही. ‘वेलनेस सदस्यता शुल्क, परत मिळणार नाही’. रोख देणार असाल तर आधी पावती हातात घ्या, मग पाकीट काढा.

जाळं नेहमीचंच. सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत शिबिर, जानेवारीची थंडी, आखडलेली मान, ‘ताण खांद्यात साठलाय’ म्हणणारा पांढरा कोट, आणि १,२०० ची सिटिंग फक्त आजच ९०० ला. चोवीस कशाला लागतात, हे तिथेच विचारायला हवं होतं. आठवड्याला एक-दोन अशा पाच-सहा सिटिंग झाल्या की फरक पडतोय का ते कळतं. नसेल पडत तर थांबायचं.

पण जीव जळतो तो दुसऱ्या सिटिंगच्या आठवणीने. सुया उघड्या स्टीलच्या ट्रेमधून, कापसावरून उचलल्या. एकदाच वापरायची निर्जंतुक सुई सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर निघते, पाकिटावर मुदत छापलेली असते. हे मला माहीत होतं! शंभर सुयांचा डबा काही शे रुपयांत येतो. तिथेही जो वाचवतो तो बाकी काय सोडणार? तरी गप्प बसलो. पैसे भरून झाले होते आणि मान वळत नव्हती. त्या अवस्थेत कोण भांडतं?

सुया वीस-तीस मिनिटं ठेवतात. इथे आठ मिनिटांत काढल्या, बाहेर रांग होती. खांद्याच्या माथ्यावर, जीबी-२१ नावाच्या ॲक्युपंक्चर बिंदूवर, ४० मिमीची सुई उभी. त्या जागेच्या खाली फुप्फुसाचं टोक असतं. असं कोणी करू लागलं तर तिथेच उठा.

पाच सिटिंग झाल्या आणि शटर खाली. १७,१०० बुडाले.

चौकीत उत्तर मिळालं, ‘हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा.’ मंचाचा आयोग होऊन वर्षं झाली, साहेबांना पत्ता नाही. आरोग्य खात्याच्या कार्यालयात तीन टेबलं फिरलो. पहिलं म्हणालं, आमच्याकडे नर्सिंग होम येतात, सुया टोचणारे नाहीत. दुसरं जेवायला गेलं होतं. वापरलेल्या सुया पुन्हा टोचतात, हे तिसऱ्याला सांगितलं तर तो विचारतो, ‘मग तुम्हाला कावीळ झाली का?’ म्हणजे झाल्यावर यायचं!

महाराष्ट्रात २०१५ चा ॲक्युपंक्चर कायदा आहे, परिषद आहे. नोंदणी क्रमांक मागा आणि पडताळून पाहा. भिंतीवरचा ‘इंटरनॅशनल डिप्लोमा’ म्हणजे नोंदणी नव्हे. यूपीआयवर दिसणारं नाव आणि पाटीवरचं नाव जुळतं का, हेही बघा. माझ्या बाबतीत नव्हतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षं.

हिपॅटायटिस बी आणि सीच्या चाचण्या सध्या निगेटिव्ह आहेत. सहा महिन्यांनी परत करायला सांगितल्यात.