यष्टिरक्षक सलामीला की सहाव्या क्रमांकावर?

जळगावच्या एका क्लबचा कर्णधार सध्या याच पेचात आहे. मे महिन्याच्या खानदेशी उन्हात डावभर प्रत्येक चेंडूला उठबस केलेला, घामाने आतले हातमोजे भिजलेला यष्टिरक्षक लगेच नव्या चेंडूला सामोरा गेला, तर त्याचे पाय जड पडणारच. प्रथम फलंदाजी मिळाल्यास मात्र हा आक्षेप उरत नाही. शिवाय दुसऱ्या डावात खेळपट्टीची उसळी त्याच्याइतकी जवळून कोणीही पाहिलेली नसते. ऑस्ट्रेलियाचा यष्टिरक्षक-फलंदाज ॲडम गिलख्रिस्ट एकदिवसीय सामन्यांत सलामीला येई (2007 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात 149 धावा), कसोटीत मात्र बहुधा सातव्या क्रमांकावर; तिथे डावांमधील विश्रांतीही अवघी 10 मिनिटांची असते. म्हणून 20 षटकांच्या सामन्यांत फटकेबाज यष्टिरक्षकाला सलामी द्यावी. दिवसभराच्या सामन्यांत, किंवा तो धीराने पाठलाग संपवणारा असेल तर, सहावा क्रमांकच योग्य.